लाटेत टिकणारं आमिष

रायपूरच्या तात्यापाऱ्यातून महादेव घाट फार लांब नाही. तिथे खारुनकाठी गरी टाकून बसणाऱ्याच्या डब्यात बहुधा दोनच गोष्टी असतात: मळलेली कणीक आणि ओल्या मातीतली गांडुळं. रोहूला कणीक चालते. गोळी लवकर विरघळू नये म्हणून काहीजण तिच्यात कापसाचे धागे मळतात. हाच डबा घेऊन कुणी सुट्टीत मालवण गाठलं, तर पहिल्या दोन-चार लाटांतच गोळीचा मागमूस उरत नाही. गळ मात्र धुऊन लख्ख परत येतो!

लाटा फुटतात तिथली वाळू सतत ढवळली जाते. वाळूतले किडे, शिंपल्या, बारीक खेकडे उघडे पडतात आणि ते खायला मासे काठाशी येतात, विशेषतः भरती चढताना. लांब फेकण्याची हौस पुष्कळांना असते, पण मासा कित्येकदा गुडघाभर पाण्याच्या थोडा पुढे, खळग्यातच चरत असतो. म्हणून ओहोटीला किनाऱ्यावर एक चक्कर मारावी, वाळूत काय सापडतं ते बघावं आणि त्यावरून आमिष ठरवावं. महागडं आमिष म्हणजे चांगलं आमिष, हा निव्वळ गैरसमज.

मुडदुशीचंच बघा. रत्नागिरीकडे हिला रेणवी म्हणतात. तोंड लहान, वाळूतले किडे टिपणारी. तिला अख्खी कोळंबी कशाला? बारीक गळ आणि नखाएवढा सोललेला तुकडा पुरतो. खाडीच्या मुखाशी फिरणारा जिताडा याच्या अगदी उलट. त्याला जिवंत कोळंबी किंवा बोयटाचं पिल्लू लागतं. शिंगाळा मिशांनी तळ चाचपत वासावर येतो. त्याच्यासाठी तेलकट तारली.

तारली मात्र मऊ, फेकतानाच गळावरून सुटते. तुकड्याभोवती शिवणाच्या दोऱ्याचे चार-सहा वेढे द्यावेत, किंवा आदल्या रात्री तुकडे जाड्या मिठात ठेवावेत. पाणी सुटून ते घट्ट होतात. माकुल जात्याच चिवट. त्याची बोटभर पट्टी एका टोकाला दोनदा टोचून दुसरं टोक मोकळं सोडलं, की ते पाण्यात हलत राहतं. मेलेली कोळंबी शेपटीकडून ओवावी. तिचा बाक गळाच्या बाकाशी जुळावा आणि गळाचं टोक बाहेर राहावं. जिवंत असेल तर शेपटीजवळच्या पेरातून एकदाच टोचावी.

ताजं आमिष हवं तर जिथे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढतात तिथे वेळेवर हजर राहावं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याला ओढ फार, तेव्हा शिसं जड आणि बांधणी पक्की हवी. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असताना, हलक्यावर भागतं.

शिंगाळा लागलाच तर हातात धरू नये. पाठीवरचा काटा आणि दोन्ही बाजूंच्या परांतले काटे विषारी असतात. गळ पकडीने काढावा. काटा घुसलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवावा आणि दवाखाना गाठावा.