अक्षरातून धीर, धीरातून हक्क



साताऱ्याच्या माण तालुक्यातलं म्हसवड आपल्यासारखंच दुष्काळी. तिथं चेतना सिन्हा यांच्यासोबत बायांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं. बऱ्याच जणी अंगठा लावणाऱ्या, म्हणून रिझर्व्ह बँकेनं परवाना नाकारला. बाया अक्षरं गिरवायला बसल्या. अक्षरं आली तसा धीर आला. पुन्हा जाऊन त्या साहेबांना म्हणाल्या, व्याज विचारा, तोंडी सांगतो. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

आपल्या गटातही काही जणी अंगठाच लावतात. कर्जाची नोंद दुसरीनं वाचली की नुसती मान हलवतात. पुढच्या बैठकीपासून प्रत्येकीनं आपलं पासबुक स्वतः वाचायचं. येत नसेल तिला शेजारणीनं शिकवायचं.