हरित हायड्रोजन आणि दहावीच्या वर्गातील एक प्रश्न

(दवनीवाडा येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मी बी. ए., बी. एड. झालेला, भाषा शिकविणारा शिक्षक. हा माणूस हायड्रोजनवर काय बोलणार, असे आपणांस वाटणे साहजिक आहे. झाले असे की, विज्ञानाचे शिक्षक रजेवर असताना एकदा दहावीचा तास माझ्याकडे आला. दोन्ही टोकांना तासलेल्या दोन शिसपेन्सिली, एक बॅटरी, पेलाभर पाणी आणि चिमूटभर खाण्याचा सोडा एवढ्यावर पाण्याच्या विघटनाचा प्रयोग केला. ऋण टोकाशी हायड्रोजनचे बुडबुडे आले, धन टोकाशी ऑक्सिजनचे. तेवढ्यात एक मुलगी उठून म्हणाली, "सर, पाण्यात एवढा हायड्रोजन आहे, मग निघतो इतका थोडा का?"

मला उत्तर देता आले नाही. नंतर पुस्तके चाळली तेव्हा कळले की, जगातील मोठमोठ्या प्रयोगशाळा याच प्रश्नाशी झगडत आहेत.

हायड्रोजनशी आपला काय संबंध, असे म्हणू नका. रोवणीनंतर आपण धानाला जो युरिया देतो, तो अमोनियापासून होतो आणि अमोनियाला हायड्रोजन लागतो. हा हायड्रोजन आज मुख्यतः नैसर्गिक वायू व कोळशापासून काढतात. त्यात कर्बवायू हवेत जातो. तोच हायड्रोजन सूर्याच्या किंवा वाऱ्याच्या विजेने पाण्यातून काढला, तर त्याला हरित हायड्रोजन म्हणतात. आपल्या जिल्ह्यात तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचे वीजकेंद्र आहे. पण ते कोळशावर चालते. त्या विजेने पाणी फोडले तर तो हायड्रोजन हरित म्हणता येणार नाही. भारत सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले. त्यासाठी १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद असून, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनक्षमता उभी करण्याचे उद्दिष्ट आहे.

मग अडते कुठे? एक किलो हायड्रोजनला पाणी लागते सुमारे ९ लिटर; पण वीज लागते ५० युनिटांहून अधिक. पाणी फुटायला हिशोबाने १.२३ व्होल्ट पुरतात. प्रत्यक्षात बरेच जास्त द्यावे लागतात आणि वरची वीज उष्णता होऊन वाया जाते. ही नासाडी कमी करणाऱ्या पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात. प्लॅटिनम आणि इरिडियम हे त्यातले उत्तम. पण दोन्ही अतिशय महाग, आणि इरिडियम तर जगात वर्षाला अवघे काही टन निघते. आमच्या पेन्सिलीतले शिसे म्हणजे ग्रॅफाइट. त्याला हे काम फारसे जमत नाही, म्हणून बुडबुडे थोडे. त्या मुलीच्या प्रश्नाचे हे पहिले उत्तर.

दुसरे उत्तर नॅनोतंत्रज्ञानात आहे. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. एक सेंटिमीटर बाजूचा धातूचा घन घ्या. त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. त्याचे एकेक मिलिमीटरचे तुकडे केले तर तो ६० होतो. एकेक नॅनोमीटरचे कण केले तर ६,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दीड एकर! वजन तेच, पण बांधी दीड एकराची. उत्प्रेरकाचे काम पृष्ठभागावरच चालते, म्हणून कणभर धातूत मोठे काम निघते. निकेल आणि लोखंड यांसारख्या स्वस्त धातूंच्या अशाच रचना करून महाग धातू टाळण्याचे प्रयत्नही चालू आहेत.

हे सारे परदेशातच चालते असे नाही. पुण्याच्या सी-मेट संस्थेतील डॉ. बी. बी. काळे यांनी कोरियातील सहकाऱ्यांसह २००६ मध्ये एक पदार्थ प्रसिद्ध केला. सूक्ष्मदर्शकाखाली तो झेंडूच्या फुलासारखा दिसतो, म्हणून शोधनिबंधात त्याला झेंडूचेच नाव दिले. सड्या अंड्यासारखा वास येणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडपासून तो प्रकाशाच्या साहाय्याने हायड्रोजन वेगळा करतो. त्यात कॅडमियम आहे, ते विषारी. इंडियम आहे, ते दुर्मीळ. म्हणजे शोध अजून संपलेला नाही. पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेने शेतातील काडीकचऱ्यापासून जिवाणूंच्या मदतीने हायड्रोजन काढण्याची पद्धत २०२१ मध्ये पुढे आणली. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि केपीआयटी यांनी तयार केलेली हायड्रोजनवर चालणारी बस ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात सादर झाली. आपल्याकडे तणशीचे ढीग पडून असतात. धानाच्या कोंड्याच्या राखेत तर बहुतांश सिलिका असते आणि तीही नव्या पदार्थांसाठी कच्चा माल ठरू शकते. माल आपल्या दारी आहे. तो ओळखणारी मुले हवीत.

आता मूळ गोष्ट सांगतो. दहावीनंतर मलाही विज्ञान घ्यायचे होते. "आपल्याला ते झेपायचे नाही" असे घरात ठरले आणि मी कला शाखेत गेलो. कुणाला दोष देत नाही. सांगणाराच कुणी नव्हता. पण तो प्रश्न विचारणारी मुलगी चांगल्या गुणांनी पास होऊनही आज घरी आहे. रोज बसने गोंदियाला एकटीला कसे पाठवायचे, ही तिच्या अब्बांची अडचण. मी घरी गेलो. ते म्हणाले, "विचार करतो, मास्तर." त्यांची काळजी खोटी नाही, म्हणून मी वाद घातला नाही.

पालकहो, एकटी मुलगी पाठविणे कठीण. चौघी मिळून गेल्या तर सोपे. गावातील चार घरांनी एकत्र बसून एवढे ठरवावे, आणि संस्थेने त्यांच्या बसभाड्याचा व पुस्तकांचा विचार करावा, अशी माझी नम्र विनंती आहे. विद्यार्थी मित्रांनो, पेन्सिलीचा तो प्रयोग घरी मोठ्यांसमोर करून पाहा. पाण्यात मीठ मात्र घालू नका, त्याने विषारी क्लोरीन निघतो. आणि 'असे का?' हे विचारायला कधी लाजू नका.

त्या मुलीला मी अजून पूर्ण उत्तर दिलेले नाही. ते तिने स्वतः शोधावे, अशी माझी इच्छा आहे. त्यासाठी आधी तिला अकरावीच्या वर्गात बसता आले पाहिजे.