परक्यांनी ठेवलेले नाव

शब्दाची वंशावळ शोधू लागले की माणसांचे परस्परसंबंधही उलगडू लागतात. प्राचीन जर्मानिक भाषेतील ‘वाल्हाझ’ हा शब्द पाहावा. ज्यूलिअस सीझरने आपल्या ग्रंथात ‘व्होल्की’ नामक केल्टिक जमातीचा उल्लेख केला आहे. तिच्याच नावावरून शेजारच्या जर्मानिक लोकांनी बहुधा हा शब्द घडविला. पुढे सर्वच केल्टिक आणि लॅटिन भाषिकांना, म्हणजे परक्यांना, तो लावला जाऊ लागला. बेल्जियममधील वालून आणि रुमानियातील वालाकिया ही नावे याच कुळातली. इंग्रजीत अक्रोडाला ‘वॉलनट’ म्हणतात, तेही परमुलखातील फळ म्हणूनच.

ब्रिटनमध्ये मात्र विपरीत घडले. पाचव्या शतकापासून तेथे येऊन वसलेल्या अँग्लो-सॅक्सन लोकांनी मूळच्या रहिवाशांनाच ‘वेआल्ह’, म्हणजे परके, ठरविले. कालांतराने त्या शब्दाला ‘गुलाम’ असाही अर्थ चिकटला. ‘वेल्स’ हे नाव त्याच्याच अनेकवचनातून आले आहे. तेथील लोक स्वतःला ‘कम्री’ म्हणवितात. त्याचा मूळ अर्थ ‘एका भूमीचे सोबती’. त्यांच्या भाषेला वेल्समध्ये २०११ च्या कायद्याने अधिकृत दर्जा दिला.

परका कोण, हे बहुधा जेता ठरवितो. स्वतःचे नाव जपणे मात्र ज्याच्या त्याच्या हाती असते.