पाण्याचा ताळेबंद

(प्रजासत्ताक दिनी सत्यनारायणाच्या पूजेनंतर सोसायटीच्या आवारात केलेल्या भाषणाचा मजकूर)



रौप्यमहोत्सवानिमित्त "तुम्हीही दोन शब्द बोला" असा कमिटीचा आग्रह होता. जुन्या आठवणी इतरांनी छान सांगितल्याच आहेत. मी पाण्याबद्दल बोलणार आहे. मी काही इंजिनीयर नाही. उभी नोकरी बँकेत गेली, त्यामुळे जमा आणि खर्च एवढंच मला कळतं. पण मुंबईच्या पाण्याचा प्रश्न शेवटी जमा-खर्चाचाच आहे.

तुम्हाला ऑगस्ट २०२० आठवत असेल. लॉकडाऊनचे दिवस, सगळे घरात, दिवसातून दहा वेळा हात धुणं. आणि ५ ऑगस्टपासून महापालिकेने २० टक्के पाणीकपात लागू केली. त्याच दिवशी मुंबईत काय झालं? वादळी पाऊस! कुलाब्याला २४ तासांत ३०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, झाडं पडली, रस्ते बुडाले. आपल्या पाचव्या मजल्यावरच्या वहिनी गॅलरीतून मला म्हणाल्या, "काका, बाहेर एवढा पाऊस आणि आमच्या नळाला पाणी नाही. हा कुठला हिशेब?"

त्या वेळी मी "बघू, टँकर मागवू" एवढंच म्हणालो. हिशेब मी नंतर वाचून समजून घेतला. तो आज सांगतो.

मुंबईला सात जलाशयांतून पाणी येतं. अप्पर वैतरणा, मोडक सागर, मध्य वैतरणा, तानसा, भातसा, विहार आणि तुळशी. यांतले विहार आणि तुळशी हे दोनच शहरात, नॅशनल पार्कात आहेत. बाकीचे पाच लांब, शहापूर-मोखाडा-इगतपुरीकडे. सातही काठोकाठ भरले तर साठा होतो १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. त्यात विहार-तुळशीचा वाटा जेमतेम अडीच टक्के, आणि एकट्या भातसाचा जवळजवळ निम्मा. म्हणजे आपल्या गच्चीवर कितीही पाऊस पडो, शहापूरकडे पडला नाही तर आपल्या खात्यात जमा काहीच नाही. वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर हे.

आता खर्च बघा. शहराला रोज सुमारे ३,९०० ते ४,००० दशलक्ष लिटर पाणी दिलं जातं. भागाकार घरी करून पाहा, उत्तर साधारण ३६५ दिवस येतं. याचा अर्थ, सगळे तलाव भरले तरी आपल्याकडे एका वर्षाचंच पाणी असतं. हे चालू खातं आहे मंडळी, फिक्स डिपॉझिट नाही. म्हणून पालिकेचं जल अभियंता खातं दर वर्षी १ ऑक्टोबरला शिल्लक मोजतं आणि ती ३१ जुलैपर्यंत पुरवायची असं धरून चालतं.

ही पद्धत ठीक होती, कारण पाऊस साधारण वेळेवर यायचा. आता तसं राहिलेलं नाही. २०२३ साली मान्सून मुंबईत आला २५ जूनला. २०२५ साली आला २६ मेला. दोन वर्षांत एक महिन्याचा फरक! हप्ता कधी येणार हेच माहीत नसेल तर कुठलाही बँकवाला हात आखडता घेईल. पालिकेलाही तेच करावं लागतं. २०२० ची कपात तुम्हाला सांगितली. त्यानंतर जून २०२२ मध्ये १० टक्के. १ जुलै २०२३ पासून पुन्हा १० टक्के. २०२४ मध्ये ३० मेपासून ५ आणि ५ जूनपासून १० टक्के, ती उठली २९ जुलैला. पाच वर्षांत चार वेळा. त्या उन्हाळ्यात भातसा आणि अप्पर वैतरणेतल्या राखीव साठ्यालाही हात लावावा लागला. राखीव निधी मोडला की बँकेत काय वातावरण असतं, ते मी पाहिलेलं आहे.

मग पालिका काय करते आहे? पूर्वी उत्तर एकच होतं, नवीन धरण. १८६० च्या सुमाराला विहार, १८७९ ला तुळशी, १८९२ ला तानसा, १९५७ ला मोडक सागर, असं करत करत २०१४ ला मध्य वैतरणा. पुढचं गारगाई धरण, रोजच्या ४४० दशलक्ष लिटरसाठी. पण त्यात पालघरमधलं जंगल बुडणार, गावं उठणार, आणि शेवटी तेही पावसावरच अवलंबून. दुसरा मार्ग मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा. पहिल्या टप्प्यात रोज २०० दशलक्ष लिटर. समुद्र काही आटत नाही, पण त्याला वीज भरपूर लागते, म्हणजे ते पाणी महाग. तिसरा मार्ग सांडपाण्याचा. वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप अशा सात ठिकाणी रोज एकूण २,४६४ दशलक्ष लिटर सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रं हाती घेतली आहेत. त्यातलं काही पाणी आणखी शुद्ध करून बागा, बांधकामं, कारखाने यांना देता आलं तर तेवढं पिण्याचं पाणी वाचेल. मला हा मार्ग सर्वांत शहाणपणाचा वाटतो. आलेला रुपया दोनदा वापरण्यासारखा.

हे सगळं होईल तेव्हा होईल. पण पालिकेचं नियोजन आपल्या गेटजवळच्या मीटरपाशी संपतं. मीटरच्या आतलं नियोजन आपलं. आणि इथे मला एक कबुली द्यायची आहे.

मोठ्या प्लॉटवरच्या नव्या इमारतींना पर्जन्यजल संधारण सक्तीचं झालं २००२ मध्ये. आपली इमारत त्याआधीची, तरी आपण २०१६ साली स्वखुशीने गच्चीचं पाणी जमिनीत मुरवायचा खड्डा केला, ते पाणी बोअरला मिळेल अशी सोय केली, उद्घाटनाला नारळही फोडला. त्या वेळी खजिनदार मी होतो. दर मे महिन्यात खड्ड्यातली वाळू-खडी धुऊन घ्यायची, खर्च सहा हजार. पुढची तीन वर्षं बजेटमधली ती ओळ मी स्वतः खोडली. बोअरचा पंप बिघडला तेव्हा दुरुस्तीही पुढे ढकलली. वार्षिक सभेत मी काटकसरीबद्दल टाळ्या घेतल्या, त्या इतिवृत्तात आहेत.

त्या ऑगस्टमध्ये खड्डा गाळाने बुजलेला होता आणि गच्चीचं पाणी धबधब्यासारखं रस्त्यावरच्या गटारात जात होतं. मी खिडकीतून बघत होतो. आपली गच्ची ४०० चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. नुसता १०० मिलिमीटर धरला तरी ४०,००० लिटर, म्हणजे चार टँकर. आणि गेटवर आपला टँकर हॉर्न वाजवत उभा! त्या महिन्यात आपण नऊ टँकर विकत घेतले. वाचवलेले अठरा हजार कुठे गेले ते सांगायला नको. चूक कमिटीची नव्हती, माझी होती. पाच वर्षं हे बोलायचं राहून गेलं होतं.

म्हणून येत्या सर्वसाधारण सभेपुढे मी तीन गोष्टी ठेवणार आहे.

पहिली, खड्डा साफ करून बोअरचा पंप सुरू करणं, आणि ते पाणी वेगळ्या पाइपने फ्लशसाठी आणि गाड्या धुण्यासाठी देणं. मुंबईत वर्षाला २,००० मिलिमीटर पाऊस धरला तर आपल्या गच्चीवर आठ लाख लिटर पडतात. आपण ४८ घरं, सुमारे १९० माणसं. माणशी १३५ लिटरच्या मापाने ते जवळपास महिनाभराचं पाणी आहे. सगळं हाती येणार नाही, पण निम्मं मुरलं तरी थोडं नाही.

दुसरी, गळती. रात्री पंप बंद असताना वॉचमनने टाकीतल्या पाण्याची खूण करायची आणि पहाटे पुन्हा बघायची. सगळे झोपलेले असताना पाणी बरंच उतरलं, तर कुणाचा तरी फ्लश किंवा नळ गळतो आहे. याला खर्च शून्य.

तिसरी, मीटरचं रीडिंग दर महिन्याला नोटीस बोर्डावर. पालिकेचा दर माणशी १५० लिटरनंतर दुप्पट होतो, पुढे तिप्पट, चौपट. बिल सगळ्यांत सारखं वाटलं जातं म्हणून ते कुणालाच लागत नाही. आकडा रोज डोळ्यांसमोर आला की आपोआप लागेल.

शेवटी एकच. ज्या शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा आहेत, तिथल्या कित्येक पाड्यांवरच्या बाया उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत बसतात. त्यांच्या दारावरून आपलं पाणी येतं. ते आपल्याकडे ठेव म्हणून आलेलं आहे असं समजून वापरू या.

पुढच्या पंचवीस वर्षांचा जमा-खर्च लिहायला मी नसेन. पण खड्डा साफ करण्याच्या सहा हजारांची ओळ बजेटमध्ये पुन्हा लिहून मगच मी सही करीन म्हणतो. ती ओळ पुढच्या खजिनदाराने खोडू नये, एवढीच विनंती.

प्रसाद घेतल्याशिवाय कुणी जाऊ नका.