अळणी घेवड्याचें संगीत



संगीताच्या एखाद्या प्रकारास प्रांताचें, ऋतूचें किंवा देवतेचें नांव मिळावें, यांत आपणांस नवल वाटत नाहीं. परंतु भाजीवरून नांव पडलेलें संगीत बहुधा आपल्या ऐकण्यांत आलें नसेल. अमेरिकेच्या दक्षिणेस, मेक्सिकोच्या आखाताला लागून, लुइझियाना नांवाचें राज्य आहे. त्याच्या नैर्ऋत्य भागांतील फ्रेंच बोलणाऱ्या कृष्णवर्णीय लोकांच्या नृत्यसंगीतास 'झायडेको' असें म्हणतात. घेवड्याच्या शेंगांना त्यांच्या बोलींत 'लेझारिको' म्हणतात आणि 'झायडेको' हा त्याचाच अपभ्रंश, असें पुष्कळ जाणकार मानतात. 'घेवडा अळणी आहे' असा त्या लोकांत एक वाक्प्रचार आहे. घेवडा शिजवतांना त्यांत खारवलेल्या मांसाचा तुकडा घालावयाचा. तेवढा तुकडासुद्धां घरांत नाहीं इतके हलाखीचे दिवस आले आहेत, असा त्याचा भावार्थ. ज्या संगीतानें आपलें दारिद्र्य नांवांतच मिरवलें, त्याची व त्याच्या कलावंतांची थोडी ओळख आज करून घेऊं.

या प्रदेशांत पूर्वीं फ्रेंचांची वसाहत होती. १८०३ सालीं अमेरिकेनें ती फ्रान्सकडून विकत घेतली. परंतु राज्य बदललें म्हणून घरांतील भाषा बदलली नाहीं. फ्रेंच बोलणारे दोन समाज येथें शेजारीं शेजारीं राहत आले. अठराव्या शतकांत इंग्रजांनीं कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरून हुसकून लावलेल्या फ्रेंच वसाहतवाल्यांचे वंशज ते 'केजन'. आफ्रिकेंतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे व मिश्रवंशीय मुक्त लोकांचे वंशज ते येथील 'क्रिओल'. ऊन, शेत आणि कष्ट दोघांनाही ठाऊक होते. परंतु गोऱ्यांच्या नाचाच्या जागीं कृष्णवर्णीय मनुष्यास प्रवेश मिळे तो बहुधा वादक म्हणूनच.

शनिवारीं रात्रीं एखाद्या घरांतील सामानसुमान हलवून खोली मोकळी करावयाची आणि रात्र सरेपर्यंत नाचावयाचें, असा क्रिओल लोकांचा परिपाठ असे. या घरगुती नाचास ते 'ला ला' म्हणत. 'ज्युरे' नांवाचा याहून जुना एक प्रकार होता. त्यांत वाद्य नसे. टाळ्या, पायांचा ठेका आणि कंठ एवढ्यावरच गाणें रंगे. १९३४ सालीं जॉन व ॲलन लोमॅक्स या पितापुत्रांनीं अशीं कांहीं गाणीं ध्वनिमुद्रित करून ठेवलीं, आणि त्यांतील एकांत हा अळणी घेवडा आपणांस भेटतो.

या ठेक्यावर स्वरांचा साज चढविला तो ॲकॉर्डियननें. हें वाद्य आपण परकें मानावयास नको. भात्याची हवा आणि त्या हवेनें थरथरणाऱ्या धातूच्या पट्ट्या हेंच आपल्या पेटीचें मर्म, आणि तेंच ॲकॉर्डियनचें. दोघीही युरोपांतून निघून परमुलखांत रमलेल्या बहिणी होत. १९४० सालीं आपल्या नभोवाणीनें पेटीस मज्जाव केला व तो कित्येक वर्षें चालूं राहिला. तेव्हां लोकांच्या आवडत्या वाद्याकडे पाहून शिष्टांनीं नाक मुरडावें, हा प्रकारही आपल्या परिचयाचाच आहे.

क्रिओल ॲकॉर्डियनवादकांत अग्रमान द्यावयाचा तो आमेदे आर्दवां यास. याचा जन्म १८९८ चा. १९२९ सालीं न्यू ऑर्लिन्स येथें डेनिस मॅगी नांवाच्या गोऱ्या केजन फिडलवादकाच्या साथीनें त्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. कृष्णवर्णीय आणि गोरा एका मंचकावर बसणें ही त्या काळीं सामान्य गोष्ट नव्हती. १९३४ पर्यंत त्याचीं ३४ गाणीं मुद्रित झालीं. आज केजन आणि झायडेको या दोन्ही परंपरा त्यास आपला पूर्वज मानतात. त्याचा अंत मात्र दारुण झाला. एका नाचाच्या प्रसंगीं गोऱ्या स्त्रीनें घाम पुसण्यासाठीं त्यास आपला हातरुमाल दिला आणि तेवढ्याच अपराधासाठीं कांहीं गोऱ्यांनीं त्यास मरणप्राय मारहाण केली, असें सांगतात. १९४२ सालीं पाइनव्हिल येथील मनोरुग्णालयांत तो वारला, आणि त्याच्या थडग्यावर नांवाची खूणसुद्धां राहिली नाहीं. २०१८ सालीं ऑपेलुसस गांवीं त्याचा पुतळा उभा राहिला. त्या पुतळ्याच्या हातांत लिंबू दिसतें. आवाज टिकावा म्हणून तो लिंबू जवळ बाळगी, असें सांगतात.

घाव केवळ माणसांवरच पडले असें नाहीं. १९२१ च्या राज्यघटनेनें लुइझियानांतील शाळांत इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेंतून शिक्षण देण्यास बंदी केली. शाळेच्या आवारांत फ्रेंच शब्द उच्चारला म्हणून लहान मुलांना शिक्षा होत. ज्या भाषेंत आईनें झोपविलें त्याच भाषेची मुलांना लाज वाटूं लागली, आणि ही मुलें मोठीं झाल्यावर त्यांनीं स्वतःच्या मुलांशीं ती बोलण्याचें टाळलें. शाळेंतून हाकलली गेलेली ही भाषा नाचाच्या खोलींत मात्र सुखरूप राहिली.

तिला तेथून हात धरून जगासमोर आणणारा पुरुष म्हणजे क्लिफ्टन शेनिए. १९२५ सालीं ऑपेलुससजवळ एका शेतकरी कुटुंबांत त्याचा जन्म झाला. जुन्या, बटणांच्या ॲकॉर्डियनवर मोजक्याच पट्ट्यांत वाजवितां येई. शेनिएनें पियानोसारख्या पट्ट्यांचें मोठें ॲकॉर्डियन गळ्यांत घातलें आणि कृष्णवर्णीयांचें 'ब्लूज' संगीत त्यांत सहज मिसळलें. पूर्वीं कपडे घासण्याच्या पन्हाळी पत्र्याच्या फळीवर ठेका धरीत. १९४६ सालीं शेनिएनें विली लँड्री नांवाच्या पत्राकाम करणाऱ्या कारागिराकडून त्या पत्र्याचें, खांद्यांवर अडकवून छातीवर घालावयाचें, एक चिलखतच बनवून घेतलें. त्याचा भाऊ क्लीव्हलंड बाटल्यांचीं बुचें उघडण्याच्या चाव्या हातांत घेऊन त्यावर असा खणखणाट करी कीं, श्रोत्यांचे पाय जागच्या जागीं राहत नसत.

शेनिएच्या ध्वनिमुद्रिका १९५४ पासून निघूं लागल्या, तरी त्याचें खरें भाग्य उजळलें तें १९६४ सालीं. ख्रिस स्ट्राखविट्झ हा जर्मनींतून आलेला संगीतवेडा प्रकाशक ह्यूस्टनच्या एका लहानशा मद्यगृहांत त्यास ऐकावयास गेला आणि भारून गेला. पुढें दोघांत मतभेद झाला. प्रकाशकास हवें होतें जुनें, फ्रेंच शब्दांचें संगीत. शेनिएस वाटे, काळ इंग्रजी ब्लूजचा आहे. अखेर तडजोड झाली आणि १९६५ च्या तबकडीची एक बाजू ब्लूजला व दुसरी झायडेकोला मिळाली. लोकांनीं उचलून धरली ती फ्रेंच बाजू. शोधकाचा कान येथें खरा ठरला. परंतु नव्याशीं सोयरीक करण्याचा शेनिएचा आग्रह नसता, तर त्या फ्रेंच बाजूसही एवढें बळ आलें नसतें, हें विसरून चालणार नाहीं. पुढें शेनिए मस्तकीं मुकुट घालून मंचावर येऊं लागला. मधुमेहानें शरीर पोखरलें असतांही तो वाजवीत राहिला. १९८४ सालीं त्यास ग्रॅमी पारितोषिक व राष्ट्रीय सन्मान असे दोन्ही मान मिळाले. १९८७ च्या डिसेंबरांत तो निवर्तला.

आणखी दोघांचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाववत नाहीं. बूझू चॅव्हिस यानें १९५४ सालीं एक अत्यंत लोकप्रिय ध्वनिमुद्रिका दिली. पण आपणांस योग्य मोबदला मिळाला नाहीं या समजुतीनें तो रुसला आणि शर्यतीचे घोडे पाळीत बसला. तीस वर्षांनीं, १९८४ सालीं, तो परतला आणि लोकांनीं त्यास डोक्यावर घेतलें. दुसरी क्वीन आयडा. हिचा जन्म लेक चार्ल्स येथें १९२९ सालीं झाला. कॅलिफोर्नियांत शाळेच्या मुलांची बस चालवून संसार सांभाळणाऱ्या या बाईनें वयाच्या पंचेचाळिशीच्या सुमारास मंचावर पाऊल ठेवलें, आणि १९८३ सालीं, शेनिएच्याही एक वर्ष आधीं, ग्रॅमी पटकाविलें.

आज लुइझियानांत झायडेकोचे महोत्सव भरतात, तरुण वादकांची वाण नाहीं, नाचणाऱ्यांची तर नाहींच. परंतु बहुतेक नवीं गाणीं इंग्रजींत असतात. ठेका नातवाच्या हातीं आला, पण आजीचे शब्द त्याच्या जिभेवर उरले नाहींत. १९६८ सालीं राज्यानें फ्रेंचच्या संवर्धनासाठीं एक मंडळ स्थापन केलें खरें. तथापि एका पिढीच्या मनांत रुजविलेली लाज कायद्यानें उपटून काढणें हें सोपें काम नव्हे.

ज्या रसिकांना या संगीताची ओळख करून घ्यावयाची असेल, त्यांनीं प्रथम आर्दवांच्या खरखरणाऱ्या जुन्या मुद्रिका ऐकाव्या, मग शेनिए, मग चॅव्हिस आणि आयडा. शब्द कळणार नाहींत. तिकडील पुष्कळ तरुणांनाही ते आतां कळत नाहींत. तरीही तो उंच, आर्त स्वर ऐकतांना, ज्या भाषेसाठीं लेंकरांनीं शाळेंत मार खाल्ला तीच ही भाषा, एवढें ध्यानांत ठेवावें. आपल्या घरांतील ओव्या, भारुडें आणि लग्नांतील गाणीं आठवणारीं माणसें अजून आपल्यांत आहेत. तीं आहेत तोंवरच त्यांच्याजवळ बसून ऐकून घेण्याची बुद्धि आपणांस झाली, तर या दूरदेशच्या अळणी घेवड्यानें आपल्या पानांत मीठ वाढलें असें म्हणतां येईल.