सर्व्हरचा इशारा कोणाकडे जावा?
कार्यालयीन नोंदी सांभाळणाऱ्या सर्व्हरवर पहारा ठेवणारी ‘नॅगिओस’ ही प्रणाली १९९९ साली ‘नेटसेंट’ या नावाने प्रथम उपलब्ध झाली. सेवा बंद आढळताच ती ओरड करीत नाही. ठरवून दिलेल्या वेळा पुन्हा तपासते व मगच ई-मेल धाडते. हा संयम योग्यच. क्षणिक अडथळ्यांचेही इशारे येऊ लागले, तर ते कोणी वाचीनासे होते. परंतु ज्या सर्व्हरवर पहारा, त्याच्याचमार्फत ई-मेल जात असेल, तर तो बंद पडताच इशाराही तेथेच अडकतो. यास्तव ई-मेलची वाट स्वतंत्र असावी. पत्ताही व्यक्तीचा नव्हे, पदाचा हवा. बदल्या तर होतच राहतात! कामकाजाची वेळ संपल्यावर एखादी सेवा मुद्दाम बंद करून इशारा पोहोचतो किंवा कसे, हे पाहून घ्यावे.