सारीच घरघर दम्याची नव्हे

नगर जिल्ह्यांत शेंगदाणे घरोघर असतात. ते खातांना धडधाकट मूल ठसकलें आणि मग त्याची छाती वाजूं लागली, तर तो दमाच असें मानूं नये. दम्यांत असंख्य बारीक नळ्या आकुंचन पावतात. म्हणून दोन्ही बाजूंस नानाविध सूर उमटतात. मोठी नळी अडली कीं एकच सूर निघतो, बहुधा एकाच बाजूस. श्वास घेतांना घशाशीं आवाज झाल्यास अडथळा छातीच्या वर असूं शकतो. प्रौढांत गलगंड वा अर्बुद हींही कारणें संभवतात. दाणा क्ष-किरणांत दिसत नाहीं. चित्र निर्दोष आलें तरी दुर्बीण घालून पाहावें लागतें. १८९७ सालीं जर्मनींत किलियन यांनीं एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेंतून अशीच नळी घालून हाड काढलें. यास्तव ठसक्याची हकीकत डॉक्टरांस आधीं सांगावी. निम्में निदान तींतच असतें.